ईएसपी-०१ बोलत का नाही?

आर्डुइनो ऊनोवर दिवा लुकलुकला, तापमानाचे आकडे पडद्यावर उमटले, की पुढची हौस हमखास वायफायची असते. हेच आकडे मोबाइलवर दिसायला हवेत! मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ईएसपी-०१ नावाची आठ पिनांची इवलीशी पट्टी घरी येते. आठातल्या चार-पाच तारा जोडायच्या, कुठूनतरी उचललेला प्रोग्राम चढवायचा, एवढंच काम वाटतं. आणि मग पट्टी गप्प बसते. किंवा अगम्य अक्षरांचा सडा टाकते. किंवा सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे, दहा मिनिटं नीट चालते आणि मधेच मान टाकते.

अशा वेळी बहुतेक जण प्रोग्रामला हात घालतात. लायब्ररी बदलतात, दुसऱ्याचा कोड आणून चिकटवतात, शेवटी ‘पट्टीच खराब निघाली’ म्हणून नवी आणतात. माझा आग्रह असा की प्रोग्रामवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी वीज, मग तारा, मग पट्टी जागी झाली का, मग ऊनो आणि पट्टी यांचा बोलण्याचा वेग, मग वायफाय आणि त्यानंतर कोड. खालच्या पायरीचा पुरावा हातात आल्याशिवाय वरच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही.

मुळात ही पट्टी म्हणजे काय, ते एकदा स्पष्ट हवं. तिच्यावरची ईएसपी-८२६६ ही चिप शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. २०१४ मध्ये ती एआय-थिंकर कंपनीच्या ईएसपी-०१ या पट्टीवरून जगभरच्या हौशी लोकांच्या हातात आली. आपण तिला ऊनोचं ‘जोड-उपकरण’ म्हणतो, पण ताकदीने ती ऊनोपेक्षा कितीतरी मोठी आहे. ऊनोचा प्रोसेसर ८ बिटांचा, १६ मेगाहर्ट्‌झचा. हिचा ३२ बिटांचा, ८० मेगाहर्ट्‌झचा. तिच्यात स्वतःचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर असतं आणि ते ‘एटी’ने सुरू होणाऱ्या आज्ञा ऐकून उत्तरं देतं. (या आज्ञा टाइप करताना इंग्रजी मोठ्या अक्षरांतच करायच्या.) म्हणजे आपल्या टेबलावर दोन स्वतंत्र संगणक आहेत आणि ते दोन तारांवरून एकमेकांशी बोलताहेत. दोष पहिल्यात असेल, दुसऱ्यात असेल किंवा मधल्या तारांत असेल. तिघांना एकत्र तपासायला गेलं की काहीच हाती लागत नाही.

आता वीज. इथे जरा थांबू, कारण बिघाडाची मुळं बहुतेक वेळा इथेच सापडतात.

ईएसपी-०१ला ३.३ व्होल्ट लागतात, ३.६च्या वर गेलात तर चिपच्या जिवाशी खेळ आहे. ऊनोवर ‘३.३ व्होल्ट’ लिहिलेली पिन असतेच, म्हणून सगळे तिथेच तार खोचतात. व्होल्टेज बरोबर आहे, पण करंटचं काय? ऊनोच्या अधिकृत तपशिलात त्या पिनेची क्षमता ५० मिलिअँपिअर दिली आहे. ईएसपी-८२६६ची सरासरी गरज सुमारे ८० मिलिअँपिअर आणि रेडिओने प्रक्षेपण करताना १७० पर्यंत. क्षणभराचे झटके त्याहूनही मोठे असतात. म्हणूनच चिपचे कर्ते किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा वापरा असं सांगतात. मिक्सर सुरू होताच घरातला दिवा क्षणभर मंद होतो ना, तसंच इथे घडतं: रेडिओने जोर लावला की पट्टीचं व्होल्टेज खचतं, चिप बंद पडून पुन्हा सुरू होते आणि आपल्याला वाटतं ‘हँग झाली’.

याची एक पक्की खूण आहे. ‘एटी’ला ‘ओके’ असं उत्तर येतं, आवृत्ती विचारली तर तीही नीट सांगते. पण आसपासच्या वायफायची यादी मागितली किंवा राउटरला जोडायला सांगितलं, की अगम्य अक्षरांची एक ओळ येते आणि पाठोपाठ ‘रेडी’ हा शब्द. हा ‘रेडी’ पट्टी नुकतीच सुरू झाल्यावर येतो. तुम्ही तिला रीसेट केलेलं नसताना तो दिसला, तर ती आपणहून बंद पडून उठली आहे. गप्पा मारताना वीज पुरते, रेडिओ चालवताना पुरत नाही. हे चित्र दिसलं तर कोडची एक ओळही बदलू नका.

मल्टिमीटर लावून ‘३.३ तर दाखवतोय’ असं म्हणणाऱ्यांची इथे फसगत होते. साधा मल्टिमीटर सेकंदातून दोन-तीनदाच आकडा बदलतो. मिलिसेकंदभराचा खड्डा त्याला दिसणारच नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. ईएसपी-३२ ही याच घराण्यातली पुढची चिप, ती ‘ब्राउनआउट’ झाल्याचं स्वतः पडद्यावर लिहून सांगते. ८२६६ ते सांगत नाही, ते आपल्यालाच ताडावं लागतं.

उपाय साधा आहे. ५ व्होल्टवरून ३.३ करणारा एएमएस-१११७-३.३ हा रेग्युलेटर घ्यावा. तो ८०० मिलिअँपिअरच्या आसपास सहज देतो. त्याला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा सव्वा-दीड व्होल्टने जास्त हवं. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर तो खुशीत चालतो, ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर चालत नाही. ब्रेडबोर्डवर खोचायचे तयार पुरवठा-बोर्ड मिळतात, त्यांत बहुधा हाच रेग्युलेटर असतो. पण त्यांवर ३.३ की ५ हे ठरवणारी छोटी टोपी असते, ती चुकीच्या जागी असेल तर पट्टीत थेट ५ व्होल्ट जातात. म्हणून नियम करा: मल्टिमीटरने ३.३ पाहिल्याशिवाय पट्टी जोडायची नाही.

शिवाय पट्टीच्या अगदी जवळ, वीज आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि त्याच्या शेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावावा. इलेक्ट्रोलिटिकच्या अंगावरचा पट्टा ग्राउंडच्या बाजूला. मात्र कपॅसिटर लावला म्हणजे दुबळा पुरवठा चालून जाईल, हा समज चुकीचा आहे. हिशोब करून पाहा. ३०० मिलिअँपिअरची तूट १ मिलिसेकंद टिकली, तर ४७० मायक्रोफॅरडवरचं व्होल्टेज सुमारे ०.६४ व्होल्टने घसरतं. म्हणजे ३.३चं २.६६ झालं. मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापुरता झटका असेल तर कपॅसिटर तो पोटात घेईल. त्याहून लांबला तर मागे दमदार रेग्युलेटरच हवा.

तारांकडेही बघा. स्वस्त जम्पर वायर आणि सैल झालेला ब्रेडबोर्ड मिळून अर्धा ओहम रोध सहज होतो, आणि ३०० मिलिअँपिअरला तिथेच ०.१५ व्होल्ट गळतात. वीज आणि ग्राउंडच्या तारा आखूड ठेवा. वेगळा पुरवठा वापरताना ऊनोचा ग्राउंड आणि त्या पुरवठ्याचा ग्राउंड जोडायला विसरू नका. ग्राउंड एक नसेल तर एकाचं ‘उंच’ आणि ‘खाली’ दुसऱ्याला कळायला काही आधारच उरत नाही.

यूएसबी-सिरीयल बोर्डावरून पट्टी तपासणाऱ्यांनाही हाच सापळा आहे. एफटी-२३२आर या चिपच्या ३.३ व्होल्ट पिनेतून ५० मिलिअँपिअरच मिळतात, सीपी-२१०२ मधून १००. दोन्ही अपुरे.

पुढची पायरी पिनांची. ईएसपी-०१च्या पिना चारच्या दोन ओळींत आहेत आणि व्हीसीसी (विजेची पिन) व ग्राउंड कर्णाच्या दोन टोकांना आहेत. पट्टी उलटी फिरवून जोडली तर वीज उलटी जाते. आकृती वरून पाहिलेली आणि तारा खालून जोडलेल्या, असं झालं तरी अदलाबदल होते. पट्टी चालताना कोमट लागणं ठीक. बोट ठेववत नसेल तर ताबडतोब वीज काढा आणि या दोन पिना तपासा. तिला थेट ब्रेडबोर्डात खोचायला जाऊ नका, कारण तिच्या दोन ओळींतल्या समोरासमोरच्या पिना ब्रेडबोर्डाच्या एकाच रांगेत येऊन एकमेकींना जोडल्या जातात. एका टोकाला फीमेल असलेल्या जम्पर वायर घ्या किंवा छोटा अडॅप्टर घ्या.

संकेताच्या तारांत एक बाजू सोपी आहे. पट्टीच्या टीएक्स या पाठवण्याच्या पिनेतून ३.३ व्होल्ट निघतात आणि ऊनोला ३ व्होल्टच्या वरचं काहीही ‘उंच’ म्हणून कळतं, तेव्हा ती तार सरळ जोडता येते. उलट दिशेने ऊनो ५ व्होल्ट पाठवतो, ते पट्टीच्या आरएक्स या ऐकण्याच्या पिनेला झेपणारे नाहीत. मधे १ किलोओहमचा रेझिस्टर आणि पट्टीच्या बाजूने ग्राउंडकडे २ किलोओहमचा, असा विभाजक लावला की ५चे दोन-तृतीयांश, म्हणजे ३.३३ व्होल्ट पोचतात. २ किलोओहमचा हाताशी नसेल तर १चे दोन एकापुढे एक जोडा. ‘मी विभाजकाशिवाय जोडलं, तरी चाललं’ असं सांगणारे भेटतात. चालतंही, काही दिवस. चिपच्या मर्यादेबाहेर जाऊन चालवलेली गोष्ट कधी बंद पडेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि दोन रुपयांचे रेझिस्टर वाचवण्यात काही हशील नाही.

आता पट्टी जागी होते का ते पाहू. सीएच-पीडी नावाची पिन १० किलोओहममधून ३.३ला जोडलेली हवी. ती लोंबकळत ठेवली तर चिप झोपूनच राहते: तांबडा दिवा लागतो, निळा एकदाही चमकत नाही, एक अक्षर येत नाही. ‘पट्टी मेली’ म्हणून फेकून दिलेल्या कित्येक पट्ट्यांची तक्रार एवढीच असते. नव्या ईएसपी-०१एस या आवृत्तीत असे रेझिस्टर पट्टीवरच बसवलेले असतात, आणि तिच्यावर तांबडा दिवा मुळीच नसतो. तेव्हा दिवा लागला नाही म्हणून घाबरू नका. दुसरी महत्त्वाची पिन जीपीआयओ-०. सुरू होण्याच्या क्षणी ती ग्राउंडला जोडलेली असेल तर चिप नवं फर्मवेअर चढवून घ्यायच्या तयारीत बसते आणि एटी आज्ञांना उत्तर देत नाही. फर्मवेअर बदलल्यावर ती तार काढायची राहून जाते आणि शोधाशोध भलतीकडेच सुरू होते. जीपीआयओ-० आणि जीपीआयओ-२ दोन्ही सुरुवातीला उंच असायला हव्यात.

इथवर सगळं ठीक असेल तर पट्टीशी थेट बोला, ऊनोचा प्रोग्राम मधे न आणता. त्यासाठी एक छान युक्ती आहे. ऊनोची रीसेट पिन तारेने ग्राउंडला जोडून ठेवा. आता त्याचा मुख्य प्रोसेसर निष्क्रिय झाला आणि बोर्ड नुसता यूएसबी-सिरीयल जोडणी म्हणून उरला. अशा वेळी पट्टीची टीएक्स ऊनोच्या १ क्रमांकाच्या म्हणजे टीएक्स पिनेला आणि आरएक्स ० क्रमांकाच्या आरएक्स पिनेला जोडायची. नेहमीच्या ‘उलट-सुलट जोडा’ या नियमाविरुद्ध वाटतं, पण त्या खुणा मुख्य प्रोसेसरच्या बाजूने लिहिलेल्या आहेत. आपण त्याच्या जागी पट्टी बसवतो आहोत, म्हणून सारख्याला सारखी. एक बारकावा: मूळ ऊनो आर-३वर यूएसबी चिप आणि या पिनांमध्ये १ किलोओहमचे रेझिस्टर आधीच आहेत. त्यात आपला १ आणि २ किलोओहमचा विभाजक जोडला तर पट्टीपर्यंत २.५ व्होल्टच पोचतात, आणि तिला ‘उंच’ कळायला जवळजवळ तेवढेच लागतात. काठावरचा मामला. या चाचणीपुरता बाहेरचा १ किलोओहम काढा, २चा तेवढा ग्राउंडकडे ठेवा.

सिरीयल मॉनिटर उघडा, वेग १,१५,२०० ठेवा आणि ओळीच्या शेवटासाठी ‘बोथ एनएल अँड सीआर’ निवडा. ही निवड चुकली तर आज्ञा संपली हे पट्टीला कळतच नाही आणि ती वाट बघत राहते. आता पट्टीला वीज द्या. आधी थोडी अगम्य अक्षरं, मग ‘रेडी’. ती अगम्य अक्षरं हा दोष नाही. चिपमधला कायमचा कोड सुरुवातीचा अहवाल ७४,८८० या चमत्कारिक वेगाने लिहितो. त्या कोडला गृहीत असलेला स्फटिक ४० मेगाहर्ट्‌झचा, आणि पट्टीवर बसवलेला असतो २६चा. १,१५,२०० ला २६ने गुणून ४०ने भागा, बरोबर ७४,८८० येतात. मॉनिटरच्या यादीत हा वेग असतो. तो निवडून पट्टी रीसेट केली तर तीच अक्षरं वाचता येतात आणि त्यांत दोन आकडे फार कामाचे असतात. रीसेटचं कारण १ म्हणजे वीज नुकतीच आली, २ म्हणजे रीसेट पिनेने जागं केलं, ४ म्हणजे अडकलेल्या प्रोग्रामला आतल्या राखणदार घड्याळाने हाकललं. आणि बूट मोडमधला पहिला आकडा ३ असेल तर सगळं ठीक, १ असेल तर जीपीआयओ-० अजून ग्राउंडला जोडलेली आहे. चार तासांची डोकेफोड वाचवणारी ही एक ओळ आहे.

‘रेडी’सुद्धा अगम्य दिसत असेल तर फर्मवेअरचा वेग वेगळा आहे. जुन्या पट्ट्या ९६०० किंवा ५७,६०० वर बोलतात. वेग बदलत ‘एटी’ पाठवून बघा. ‘ओके’ आलं की पट्टी आणि तारा निर्दोष ठरल्या; विजेचा निकाल मात्र आसपासच्या वायफायची यादी मागितल्यावरच लागतो.

मग रीसेटची तार काढा, विभाजक पूर्वीसारखा करा आणि ऊनोला मधे घ्या. इथे गाठ पडते सॉफ्टवेअरसिरीयलशी. ऊनोकडे खरी सिरीयल जोडणी एकच, आणि ती यूएसबीसाठी वापरात. म्हणून दुसरी जोडणी प्रोग्रामने तयार केलेली असते. १,१५,२०० वेगाला एका बिटाला ऊनोची जेमतेम १३९ चक्रं मिळतात. तेवढ्यात घड्याळाचा इंटरप्ट आला की बिट चुकतं, ‘ओके’चं भलतंच काहीतरी होतं. ९६०० वर एका बिटाला १,६६७ चक्रं आहेत, तिथे निभावतं. म्हणून मघाच्या थेट संवादातच एटी+यूएआरटी_डीईएफ=९६००,८,१,०,० ही आज्ञा देऊन पट्टीचा वेग कायमचा ९६०० करून टाका. (अगदी जुन्या फर्मवेअरला ही आज्ञा समजत नाही.)

एवढं करूनही उत्तरं अर्धवट येत असतील तर आपल्या कोडमधला ‘डिले’ शोधा. इथे मात्र कोडची पाळी वायफायच्या आधीच येते. सॉफ्टवेअरसिरीयलच्या साठ्यात ६४ अक्षरं मावतात. ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं येतात, म्हणजे सेकंदाच्या पंधराव्या भागात साठा भरतो. आज्ञा पाठवून एक सेकंद थांबायचं आणि मग वाचायचं, असं लिहिलेलं असेल तर वायफायच्या लांबलचक यादीतलं पहिलं थोडंसं मिळेल, बाकी गळून गेलेलं असेल. थांबण्याऐवजी वाचत राहायचं, ‘ओके’ किंवा ‘एरर’ दिसेपर्यंत. आणि ‘बिझी’ असं उत्तर आलं तर ती तक्रार नाही. मागची आज्ञा संपायच्या आत तुम्ही पुढची पाठवली, एवढंच ती सांगते आहे.

वायफायचं काम त्यामानाने सोपं. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते. मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्‌झवर असेल तर तो तिला दिसणारच नाही. फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवलेला राउटर जुन्या फर्मवेअरला जोडता येत नाही, आणि कॉलेजच्या ज्या वायफायवर ब्राउझरमधून लॉगिन करावं लागतं तिथे नाव-पासवर्ड बरोबर असूनही पुढे काही हलत नाही. जोडणी फसली तर पट्टी आकडा देते: १ म्हणजे वेळ संपली, २ म्हणजे पासवर्ड चुकला, ३ म्हणजे त्या नावाचं वायफाय सापडलं नाही, ४ म्हणजे जोडणीच झाली नाही. पासवर्डात स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा उलटी तिरपी रेघ असेल तर तिच्याआधी आणखी एक उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. पट्टीच्या टोकाची नागमोडी रेघ हा अँटेना. तिला धातूच्या डब्यात कोंडू नका.

सर्व्हरशी बोलताना दोनच गोष्टी सांभाळा. डेटा पाठवण्याआधी अक्षरांची संख्या सांगावी लागते आणि त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटची दोन न दिसणारी अक्षरंही मोजायची. कमी सांगितली तर शेपूट तुटतं, जास्त सांगितली तर पट्टी उरलेल्या अक्षरांची वाट बघत बसते. आणि उत्तरात ३०१ आलं तर खुश व्हा: संकेतस्थळ तुम्हाला दुसऱ्या, बहुधा सुरक्षित पत्त्यावर जायला सांगतं आहे, म्हणजे पट्टी इंटरनेटवर पोचली.

नवा प्रकल्प आजच सुरू करणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: ऊनोला ईएसपी-०१ जोडण्याच्या फंदात पडू नका. नोडएमसीयू किंवा ईएसपी-३२चा बोर्ड घ्या. त्यावर रेग्युलेटर, यूएसबी आणि वायफाय एकाच जागी असतं आणि ऊनोचं बरंचसं काम तोच करतो. पण ईएसपी-०१ आधीच खणात पडून असेल, तर ती टाकून देण्यापूर्वी एकदा तिला ५०० मिलिअँपिअर देणाऱ्या ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यावर लावा, सीएच-पीडी १० किलोओहममधून ३.३ला जोडा आणि थेट ‘एटी’ विचारा.